दोराचं वरचं टोक

४ तारीख, सोमवार

ही वही पोरीने दिली. म्हणाली, "आई, तुला जे बोलायचं असतं ना, ते आधी यात लिही. मग ज्याला बोलायचं त्याला बोल. निम्मी भांडणं वाचतील." पोर शाळेत शिकवते, म्हणून आईलाही पहिलीत बसवते. मी चौथी शिकले. अक्षर वाईट आहे. कोणी वाचणार नाही, तेव्हा चालेल.

तर आज मी आमच्या ह्यांना पकडलं. मोरीत. अर्धा तास कडी लावून आत. मला वाटलं पोट बिघडलं. दार ठोकलं तर "आलो, आलो", आणि आत नुसती खुडबुड. मी दाराला खांदा लावला. कडी सैलच आहे. बघते तर हे उलट्या बादलीवर बसलेत, मांडीवर लोकर, हातात सुया. तोंड असं, जसं काही शेजारणीबरोबर सापडले.

"हे काय?"

"काही नाही गं. एवढी ओळ पुरी करत होतो."

विणायला मीच शिकवलं होतं. पाय मोडून दोन महिने घरी होते तेव्हा दिवसभर माझ्या मागे भुणभुण. शेवटी सुया हातात दिल्या आणि म्हटलं, तोंड बंद, हात चालू. आता माझ्यापेक्षा बारीक टाका घालतात. पण पाय बरा झाल्यापासून लपून. बावन्न वर्षांचा माणूस, आणि बसतो कुठे तर मोरीत.

मी म्हटलं, "बाहेर बसा. दार उघडं ठेवा. चोरी केलीत का कोणाची?"

"कोणी आलं तर?"

"आलं तर चहा देईन."

६ तारीख, बुधवार

टोपी पुरी झाली. हळदीसारखी पिवळी, कडेने निळ्या पानांची ओळ. पोरगी म्हणाली, "बाबा, हे तुम्ही केलं? विकत मिळणार नाही अशी!" ह्यांचे कान लाल झाले.

मी म्हटलं, "उद्या कामावर घालून जा."

"वेड लागलंय तुला."

आमचं काम लिहून ठेवते, नाहीतर पुढचं लिहिताना माझाच गोंधळ होईल. धान्याच्या मोठ्या गोदामात आम्ही दोघं. मी खाली पत्र्याच्या शेडमध्ये फाटकी पोती शिवते, दाभण आणि सुतळी. हे कोठ्यांत उतरतात. लोखंडाच्या गोल कोठ्या, चार मजले उंच. आत धान्य भिंतीला धरतं, खपली होते, ती वरून उतरून काठीने फोडावी लागते. अंगाला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर कप्पीवरून वरच्या झाकणापाशी बसलेल्या माणसाच्या हातात. आतून आवाज येत नाही म्हणून झटके. एक झटका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोर सोड. तीन म्हणजे ओढ, ताबडतोब. कारण खपली तुटली की धान्य सरकतं. पाणी माणसाला वर ढकलतं. धान्य खाली घेतं.

दोर धरतो पैलवान. कुस्ती कधी खेळला माहीत नाही, पण मान तशी आहे. अठरा वर्षं ह्यांचा दोर दुसऱ्या कोणाच्या हाताला लागलेला नाही.

सगळे डोक्याला राखाडी फडकं बांधतात. टोपी घातली तर काय आभाळ कोसळणार आहे? मी तेच म्हटलं. मग मी म्हटलं, "मर्द असाल तर घालून दाखवा."

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. कशाला ते कळलं नाही. पण हे "बरं" म्हणाले.

७ तारीख, गुरुवार

घातली!

मी शेडच्या दारात उभी होते. फाटकापासून वजनकाट्यापर्यंत सगळे थांबले. ट्रकवाल्याने हॉर्न दिला. एकजण म्हणाला, "वहिनी, आज घरातलं कोण आलंय कामाला, तुम्ही की ते?" मी म्हटलं, "जो तुझ्या दुप्पट काम करतो तो." हशा झाला, पण त्याच्यावर. मुकादम नाक खाजवत निघून गेला.

पैलवान हसला नाही. पट्ट्याची गाठ रोज बांधतो तशी बांधली, ओढून बघितली. बाकीचे हसत होते तेव्हा तो त्या पानांच्या ओळीकडे बघत होता. त्यालाही हवी असणार. मला माणसं कळतात.

दोन दिवस हसतील, मग विसरतील.

११ तारीख, सोमवार

काटेवाला, म्हणजे वजनकाट्यावर बसतो तो, डबा खायच्या सुट्टीत शेडमध्ये आला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, जसं काही दारू मागायला आलाय. "वहिनी, ते विणायचं अवघड असतं का हो?" म्हटलं, "तुला दोन हात आहेत ना? मग नाही."

सुनेला बाळ होणार आहे, त्याच्यासाठी काही करायचंय म्हणे. एवढंच असतं तर विकत आणलं असतं. पण मी बोलले नाही. बघा, वहीचा उपयोग होतोय.

मागून ट्रकवाला आला. त्याला विणायचं नाही. तो पोत्यांवर खडूने फुलं काढतो. आतापर्यंत काढून पुसायचा. मी म्हटलं, "पुसलंस तर दाभण टोचीन." आज फुलं काढलेली सव्वीस पोती ट्रकवर चढली. जिथे उतरली असतील तिथले लोक डोकं खाजवत असतील.

आमचे हे मास्तर झालेत. "सुलटा, सुलटा, उलटा. घट्ट ओढू नका, टाक्याला श्वास घेऊ द्या." घरी अठ्ठावीस वर्षांत एवढं बोलले नाहीत.

मी ठरवलंय. एकेकाला बाहेर काढायचं. ह्या पुरुषांना आपलं काही म्हणून दाखवायची लाज वाटते, जसं काही आतून उघडे आहेत. मी लावते सगळ्यांना वळण.

१३ तारीख, बुधवार

आज मोठी गंमत झाली. ह्यांनी पैलवानासाठी टोपी केली, तपकिरी, त्याच निळ्या पानांची. हे म्हणत होते, "मी देईन त्याला वर, दोघंच असताना." मी म्हटलं, लपवाछपवी बंद झालीय ना आपली? सुट्टीत सगळे पाण्याच्या टाकीपाशी होते. मी नेऊन सरळ त्याच्या डोक्यावर घातली. काय माप बसलं! भुवईवर एक बोट, कानावर एक बोट.

एकजण म्हणाला, "वा, न मोजता माप!" मी म्हटलं, "मोजायचं कशाला? अठरा वर्षं दोन टोकांना एकाच दोराने बांधलेत. मी म्हणते भावजी, तुम्ही भावजी कसले, माझी सवतच तुम्ही! माझ्यापेक्षा जास्त संसार तुम्हीच केलात त्यांच्याशी."

माणसं हसून हसून टाकीला टेकली. मुकादमाच्या डोळ्यातून पाणी आलं. पैलवानाने टोपी काढली, घडी केली, खिशात घातली. खिशात घातली म्हणजे आवडली.

घरी आल्यावर दारात हे म्हणाले, "असं बोलायला नको होतंस."

"अहो, गंमत होती."

"तुझी गंमत तू घरी आणलीस. तो ती तिथेच घेऊन बसलाय."

काहीतरी कोड्यात बोलतात.

१४ तारीख, गुरुवार

पैलवानाचं नवीन नाव पडलं. फाटकापासून हाक येते, "ए सवत, दोर घेतलास का?" मला हसू आवरेना. चांगलं आहे, जरा हलकं होईल त्याचं तोंड.

१६ तारीख, शनिवार

ह्यांच्या दोन्ही काखांत कातडी सोललीय. पट्ट्याचा वळ लाल झालाय. म्हणाले, "दोर जरा ढिला राहिला. एकदम खाली गेलो, मग अडकलो."

मी तेल लावलं. म्हटलं, "लक्ष कुठे असतं तुमचं? वय झालं की पाय बघून टाकावा." मी जोरात चोळलं तरी बोलले नाहीत.

१८ तारीख, सोमवार

ह्यांच्या पाण्याच्या डब्याला कोणीतरी लिपस्टिक फासली. झाकणाला, तोटीला, सगळीकडे. मी डबा उचलून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ज्याची असेल त्याने ऐकावं. रंग चांगला आहे, पण बायकोला विचारून आणत जा." आज मात्र कोणी हसलं नाही. मला वाटलं तसं नाही झालं. सगळे जिथे होते तिथे उभे, आणि माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे बघत होते.

दुपारी मुकादम शेडमध्ये आला. पोत्यावर बसला. हा कधी बसत नाही.

"वहिनी, पैलवान म्हणतो त्याला दोर नको."

"का?"

"म्हणतो, दुसरा कोणी धरा."

"धरा मग. दोर ओढायला काय डिग्री लागते?"

मुकादम म्हणाला, "दोर हाताने धरत नाहीत वहिनी. आता रोज जो मोकळा असेल तो धरेल." आणि उठला. जाताना म्हणाला, "त्यांना सांगा, फडकं बांधा. फडकं स्वस्त पडतं."

ह्याला टोपीची किंमत काय माहीत!

२१ तारीख, गुरुवार

हे विचित्र वागायला लागलेत. आज सुट्टी होती. खिडकीच्या गजावरून सुतळी नेली, एक टोक माझ्या हातात दिलं, आणि स्वतः दुसऱ्या खोलीत गेले. सुतळी हलली. "किती?" आतून विचारतात.

"एक."

"आता?"

"दोन. अहो, भात लागेल खाली."

"आता?"

"तीन!"

"मग तू काय केलंस?"

"काय करायचं?"

दारात येऊन उभे राहिले. "तीन आले की ओढायचं. हातातलं असेल ते टाकून." दहा वेळा तेच करून घेतलं. लहान मुलासारखं. मी वैतागून सुतळी टाकली.

मग पोरीला कपाटाच्या चाव्या दाखवल्या, कागद कुठल्या पिशवीत ते दाखवलं. मी म्हटलं, "कुठे निघालात?" म्हणाले, "कुठे नाही. घरात सगळ्यांना माहीत असावं."

पुरुष म्हातारा होतो तो असा, एका आठवड्यात.

२२ तारीख, शुक्रवार

काटेवाला तीन दिवस आला नाही म्हणून मीच काट्यावर गेले. डावा डोळा काळानिळा, सुजून बंद. "काय झालं?" "दार लागलं, वहिनी." "बाळाचं विणणं कुठवर आलं?" तर म्हणे सुया घरी ठेवल्या, आता वेळ मिळत नाही. माझ्याशी बोलताना फाटकाकडे बघत होता.

ट्रकवाल्याचा ओठ फुटलाय. त्यालाही दारच लागलं.

एका आठवड्यात दोघांना दारं लागली. मी ट्रकच्या काचेवर थाप मारून म्हटलं, "हे दार मला दाखव. बिजागरी नीट करून देते." तो म्हणाला, "वहिनी, पाया पडतो, खिडकीपासून लांब उभ्या राहा. बघतायत."

कोण बघतंय? मी वळून बघितलं. पाण्याच्या टाकीपाशी सहा-सात जण उभे होते. पैलवान त्यात नव्हता. तो एकटाच लांब, कोठीच्या सावलीत बसून दोराला गुंडाळी घालत होता.

आज पहिल्यांदा मी शेडचं दार आतून ओढून घेतलं. धूळ फार येत होती, म्हणून असेल.

२५ तारीख, सोमवार

चांगली बातमी! पैलवान परत दोर धरायला तयार झालाय. आपणहून मुकादमाकडे गेला आणि म्हणाला, उद्यापासून मीच बसतो. मी म्हटलं ना, माणसं मला कळतात. राग किती दिवस ठेवणार? अठरा वर्षांचा घरोबा आहे. काळजी मिटली.

ह्यांना सांगितलं तर ताटावरून उठले. हात धुऊन परत आले आणि म्हणाले, "उद्या टोपी नको घालू का?"

मला काय चीड आली! एवढं सगळं करून, आता सगळं सुरळीत होतंय तर हे शेपूट घालणार. मी म्हटलं, "नका घालू. बांधा फडकं, बसा परत मोरीत. मी एका भित्र्या माणसाशी लग्न केलं असं समजेन. बायका बऱ्या तुमच्यापेक्षा."

लगेच वाईट वाटलं, पण शब्द गेला तो गेला. वही दुसऱ्या खोलीत होती.

हे म्हणाले, "घालतो."

२७ तारीख, बुधवार

काल लिहिलं नाही. दिवसभर दवाखान्यात होतो.

मी शेडमध्ये होते. साडेदहा झाले असतील. काटेवाला ओरडला, "वहिनी, वहिनी!" मी म्हटलं आले. पोत्याचं तोंड शिवत होते. शेवटचे दोन टाके राहिले होते, ते घातले, गाठ मारली, सुतळी दाताने तोडली, मग उठले. हे मी मुद्दाम लिहितेय. कोणाला सांगितलेलं नाही.

काटेवाल्याने नुसता वर हात केला. चार नंबरची कोठी. वर कप्पी हलत होती. दोर खाली ताणला जायचा, थरथरायचा, ढिला व्हायचा. परत ताणला जायचा. मी मोजत नव्हते, पण आपोआप मोजलं गेलं. तीन. मग तीन.

पैलवान झाकणापाशी बसला होता. पाठ माझ्याकडे. दगडासारखा.

मी शिडी चढले. चप्पल खाली पडली. मी काय ओरडत होते आठवत नाही, लोक म्हणतात आईवरून शिव्या देत होते. अर्ध्यावर आले तेव्हा पैलवानाने मान वळवली. मला बघितलं. मग उठला, दोर खांद्यावर घेतला आणि ओढला. ओढला तो असा, की मला वाटलं माणूस तुटून अर्धाच वर येईल.

हे वर आले. छातीपर्यंत धान्यात होते. तोंड, नाक, पापण्या, सगळं पिठाने पांढरं. टोपी डोक्यावर तशीच. श्वास आत जायचा पण बाहेर यायला घाबरायचा, असा आवाज.

तीन बरगड्यांना चीर आहे. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर दाबानेच गेले असते. धान्य दर श्वासाला पट्टा आवळतं म्हणे.

मुकादमाने गोदामाच्या वहीत लिहिलं, दोर कप्पीत अडकला. हे पडल्या पडल्या म्हणाले, "हो. अडकला." पैलवान दाराशी उभा होता. आत आला नाही, गेलाही नाही.

२९ तारीख, शुक्रवार

मी पोरीला म्हटलं, पोलिसात जाऊ. ती म्हणाली, "बाबा अडकला म्हणतात. तू काय सांगणार?"

"जे बघितलं ते. त्या सगळ्या भेकडांची नावं सांगते. मर्द म्हणवतात स्वतःला!"

पोरगी शांतपणे म्हणाली, "आई, तू बाबांना टोपी कशी घालायला लावलीस, आठवतं? पैलवानकाकांना काय म्हणालीस? ज्या काठीने ते मारतात, तीच तू उचललीस. फक्त तुझा हेतू चांगला होता."

मी तिला म्हटलं, शाळेतलं शाळेत ठेव. दाणकन दार लावून मोरीत गेले आणि त्यांच्या उलट्या बादलीवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने बाहेर आले.

१ तारीख, रविवार

हे बरे आहेत. खोकला आला की उशी छातीला धरतात. विणत नाहीत. सुया जवळ ठेवल्यात.

८ तारीख, रविवार

काटेवाला येऊन गेला. डोळा उघडला. ह्यांच्याशी कामाचं बोलला, हवेचं बोलला. निघताना पिशवीतून एक बाळाचा मोजा काढला, एकच. "टाच जमत नाही," म्हणाला. ह्यांनी बघितलं, चार टाके उसवले, परत घालून दिले. दोघंही एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही.

१५ तारीख, रविवार

उद्यापासून कामावर जाणार. डॉक्टर अजून आठवडा थांबा म्हणाले, मुकादमाने निरोप दिला की नाहीतर दुसरा माणूस घेतो. ह्या वयात दुसरं कोण ठेवणार ह्यांना? आणि दोर कोण धरणार, तर पैलवान. बाकी कोणी तयार नाही. ह्यांचा दोर धरला तर आपल्यालाही नाव पडेल, ही भीती. पैलवानाला नाव पडून झालंय.

संध्याकाळी मी पेटीतून राखाडी फडकं काढलं, धुतलं, घडी करून त्यांच्या डब्याशेजारी ठेवलं. हे आले, फडकं बघितलं आणि टोपी घेतली.

मी म्हटलं, "नको." मी टोपीवर हात ठेवला. "माझं चुकलं. मी पाया पडते. फडकं बांधा."

हे बसले. छाती धरूनच बसतात अजून. म्हणाले, "पहिल्या दिवशी तुझ्या धाकाने घातली होती. त्या दिवशीही तुझ्या बोलण्यानेच."

"म्हणून तर म्हणतेय."

"उद्या तसं नाही. आता मी ती काढली, तर त्यांना कळेल की दोर ओढला नाही की टोपी निघते. मग काटेवाल्याच्या हातातून सुया निघतील. मग त्या पोत्यांवरची फुलं. एकदा कळलं की माणसं ते विसरत नाहीत." मग जरा थांबून, "आणि मला आवडते गं ती. पानं चांगली जमलीत."

अठ्ठावीस वर्षांत मला ह्या माणसाची भीती वाटली नव्हती. आज त्याच्यासाठी वाटते, ती किती मोठी आहे ते लिहिता येत नाही.

मी म्हटलं, "मग मी वर बसेन."

१६ तारीख, सोमवार

फाटकातून आम्ही बरोबर गेलो. टाकीपाशी तेच सहा-सात. काटेवाल्याने शर्टाच्या काजात पिवळ्या लोकरीचा एक धागा अडकवला होता, बोटभर. मी बघितलं तसा त्याने धाग्यावर हात ठेवला. मग हात काढला.

पाच नंबर कोठी. मी पोती आणि दाभण घेऊन शिडीकडे निघाले. मुकादम आडवा आला. "वहिनी, बाईमाणसाला वर परवानगी नाही."

"ठीक आहे. मग तुम्ही चला वर, तुम्ही बसा त्याच्या शेजारी."

त्याने शिडीकडे बघितलं. मग घड्याळाकडे. मग काट्यावर काही काम निघालं त्याचं.

वर वारा होता. पैलवानाने ह्यांच्या पट्ट्याची गाठ बांधली, ओढून बघितली. हे उतरले. पिवळी टोपी खाली खाली जात लिंबाएवढी झाली आणि मग दिसेना. दोराचं मोकळं शेपूट मी माझ्या कमरेला दोन वेढे घालून बांधलं. पैलवानाने नुसतं बघितलं.

पहिला झटका आला. एक. त्याने मला बोटाने एक दाखवलं, जसं काही मला मोजता येत नाही.

बराच वेळ गेला. दोराकडेच बघत म्हणाला, "वहिनी, मी त्या दिवशी दोर सोडला नव्हता."

"मग?"

"ओढला नाही. एवढंच."

माझ्या हातात दाभण होती. मी ती पोत्यात खुपसून ठेवली, हातात नको म्हणून.

"तीन आले. मला कळले. मला वाटलं, अजून एकदा मागू दे. परत तीन आले. मला वाटलं, अजून एकदा." त्याची मान हलत नव्हती, फक्त गळ्याची शीर. "घरी बायको हसली त्या नावाला. माझा मुलगा हसला. ह्याने मात्र एकदाही नाव घेतलं नाही ते, आणि राग ह्याचाच येत होता."

"मी शिडीवर दिसले नसते तर?"

तो विचार करत होता. खरंच करत होता, मला खोटं सांगावं की नाही असला विचार नव्हे. "माहीत नाही," म्हणाला.

मी आयुष्यात कोणाला उत्तर दिल्याशिवाय सोडलेलं नाही. मी म्हटलं, "भावजी, मी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं माझं." त्याने ऐकलं. असू दे म्हणाला नाही. चुकलंच असंही म्हणाला नाही. खाली दोर हलला, एक, आणि आम्ही दोघांनी एकदमच श्वास सोडला.

दुपारी हे वर आले. पैलवानाने हात दिला, कडेवरून बाहेर घेतलं, मग तो हात पँटला पुसला. धुळीचा पुसला असेल. तपकिरी टोपीचं काही विचारलं नाही मी. ती अजून त्याच्याकडे आहे की फेकली, माहीत नाही.

दोर गुंडाळताना तो ह्यांना म्हणाला, पण बघत माझ्याकडे होता, "उद्या सहा नंबर. तळाला ओल धरलीय. खपली जाड असणार, वेळ लागेल."

मग मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही रोज येणार?"

"रोज."

"वारा सुटला तरी?"

"सुटला तरी."

"आणि एखाद्या दिवशी आजारी पडलात तर?"

त्याने ते काळजीने विचारलं की कसं, मला कळलं नाही. वरच्या धुळीने माझा घसा धरलाय. संध्याकाळपासून अंगही गरम लागतंय. ह्यांना सांगितलेलं नाही.